घरचा चावरा कुत्रा

नवी दिल्लीतील मंडी हाऊसच्या चौकातून निघून इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनी रस्त्यास मिळणारा कोपर्निकस मार्ग मराठी माणसास अपरिचित नाही. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे काम चालते, टोकाशी पतियाळा हाऊसची न्यायालये आहेत आणि तेथून जवळच दिल्लीचे उच्च न्यायालय आहे. एप्रिल २०२४ मध्ये या उच्च न्यायालयापुढे जो वाद आला, त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणत्याही घराच्या अंगणात केव्हाही उभा राहू शकेल असा होता. माणसांना चावणाऱ्या पाळीव कुत्र्यांचे काय करावयाचे, हा तो प्रश्न होय.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. जुलै २०२२ मध्ये लखनौ येथे पिटबुल जातीच्या घरच्याच कुत्र्याने एका वृद्ध स्त्रीचा बळी घेतला आणि उत्तर भारतात मोठी खळबळ उडाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दिल्लीस खेटून असलेल्या गाझियाबादच्या महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तीन जातींचे कुत्रे पाळण्यास मनाई केली. नोव्हेंबरात नोएडा प्राधिकरणाने असे ठरविले की, १ मार्च २०२३ पासून पाळीव कुत्र्याने कोणास इजा केल्यास मालकास दहा हजार रुपये दंड व्हावा आणि जखमी माणसाच्या उपचारांचा खर्चही त्यानेच सोसावा. पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबविण्यास सांगितले. ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीच होते, त्यांनी त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे, असेही त्यात होते. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता काढलेले हे पत्र एप्रिलमध्ये प्रथम कर्नाटकाच्या आणि नंतर दिल्लीच्या उच्च न्यायालयाने रद्द केले, आणि मे महिन्यात सरकारने या विषयावर लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या.

न्यायालयांनी निर्णय दिला तो कार्यपद्धतीविषयी. कुत्र्याच्या जातीवरून त्याचा स्वभाव ओळखता येतो काय, हा प्रश्न शास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर बरेचसे मिळालेले आहे. इ. स. २०२२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली व त्यांपैकी दोन हजारांवर कुत्र्यांच्या जनुकांची तपासणी केली. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागणुकीत जो फरक आढळतो, त्यापैकी अवघा ९ टक्क्यांच्या आसपास फरक जातीच्या आधारे सांगता येतो, असे त्यांस दिसून आले. याचा अर्थ जातीला काहीच महत्त्व नाही असा मात्र नव्हे. पॉमेरेनियन चावला तर बहुधा पट्टी बांधून भागते. रॉटवायलर चावला तर शस्त्रक्रियागृह गाठावे लागते. जबड्याचे बळ आणि देहाचा भार ही जातीची देणगी आहे आणि ज्या घरात लहान मुले आहेत त्या घराने तिचा विचार अवश्य करावा. परंतु घरातला कुत्रा ‘त्या २३ जातींपैकी नाही’ एवढ्यावरून निर्धास्त होणे शहाणपणाचे नाही. आपल्याकडे माणसांना चावलेले पुष्कळ पाळीव कुत्रे साध्या गावठी जातीचे किंवा संमिश्र रक्ताचे असतात, आणि पिसाळण्याचा रोग तर कोणत्याच जातीचा मुलाहिजा राखीत नाही.

पहिली घटका

कुत्रा चावल्यावर पहिला विचार माणसाचा करावयाचा, कुत्र्याचा नंतर. ‘कुत्रा घरचा आहे, त्यास लस टोचलेली आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही,’ असे म्हणून जखमेवर हळद किंवा चुना दाबणारी घरे अद्याप पुष्कळ आहेत. कोठे तिखटाची पूड भरतात, कोठे तापविलेली पळी लावतात. यांपैकी एकाही उपायाने रोगाचे विषाणू मरत नाहीत. उलट जखम भाजते, चिघळते आणि मोलाचा वेळ जातो. करावयाचे ते अगदी साधे आहे. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबण लावून पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, धुवावी. पंधरा मिनिटे हा काळ बोलण्यात थोडा वाटतो, पण रडणाऱ्या मुलाचा हात नळाखाली धरून उभे राहिलेल्या आईस तो फार मोठा असतो, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी तो पुरा केला जात नाही. पिसाळ रोगाच्या विषाणूभोवती स्निग्ध द्रव्याचे आवरण असते. साबणाने ते विरघळते आणि विषाणू निकामी होतो. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावून तत्काळ दवाखाना गाठावा. जखम घट्ट बांधू नये, आणि टाके घालण्याची घाई डॉक्टरही सहसा करीत नाहीत.

या तातडीचे कारण रोगाच्या रीतीत आहे. कुत्र्याच्या लाळेतून जखमेत शिरलेला विषाणू रक्तातून पसरत नाही. तो तेथील मज्जातंतूत शिरतो आणि त्या तंतूच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे चालू लागतो. ही वाटचाल बहुधा काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत चालते, क्वचित त्याहूनही अधिक. चेहऱ्यावर किंवा मानेवर दंश झाला असेल तर वाट जवळची असते. विषाणू मेंदूस पोचण्यापूर्वी लसीने शरीरात प्रतिद्रव्ये निर्माण झाली, तर माणूस वाचतो. पाण्याचा घोट दिसताच घसा आवळून येणे ही जलसंत्रासाची लक्षणे एकदा सुरू झाली, म्हणजे मात्र मृत्यू जवळजवळ अटळ असतो. लस आणि रोग यांच्यातील ही शर्यत आहे. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर लसीबरोबरच तयार प्रतिद्रव्ये जखमेच्या आत व भोवती टोचावी लागतात, कारण लसीचा गुण येण्यास काही दिवस लागतात आणि तेवढ्या अवधीत विषाणूस अडविणारे दुसरे काही नसते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेले एकजातीय प्रतिद्रव्यही आता या कामी वापरले जाते.

जुन्या पिढीतील माणसे कुत्रा चावल्याचे नाव काढताच बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची आठवण काढतात. ती भीती निराधार नव्हती. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिल्याने लस टोचली आणि त्यास वाचविले. भारतात इ. स. १९०० मध्ये कसौली येथे पाश्चर संस्था निघाली. तेथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये सिद्ध केलेली लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवीत. ती पुष्कळ दिवस टोचावी लागे आणि क्वचित तिच्यामुळेच पक्षाघात होई. २००५ च्या सुमारास ती देशातून पूर्णपणे नाहीशी झाली. आजची लस पेशींच्या संवर्धनातून तयार होते, ती दंडात टोचतात आणि तिच्या चार किंवा पाच खेपा पुरेशा होतात. तथापि पोटातील इंजेक्शनांची धास्ती लोकांच्या मनातून अद्याप गेली नाही, आणि मुले मार बसेल व सुई टोचतील या दुहेरी भयाने दंश लपवितात. शाळांनी सांगावयाचे काही असेल तर ते हेच की, ओरखडा असला तरी तो घरी दाखवावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२२–२३ मध्ये केलेल्या पाहणीवरून देशात वर्षाकाठी प्राण्यांचे सुमारे ९१ लाख दंश होतात आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक कुत्र्यांचे असतात, असा अंदाज निघाला. या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचा त्यांचा अंदाज वर्षाला ५,७०० च्या घरात आहे.

चावलेल्या कुत्र्यास रागाच्या भरात मारून टाकणे किंवा दूर नेऊन सोडणे ही मोठी चूक होय, आणि ती माणसाच्याच अहिताची आहे. त्यास दहा दिवस घरी सुरक्षित बांधून ठेवावे व त्याच्यावर नजर ठेवावी. ज्या कुत्र्याच्या लाळेत दंशाच्या वेळी विषाणू आला असेल, तो कुत्रा या दहा दिवसांत आजारी पडतो आणि मरतो. आवाज घोगरा होणे, खालचा जबडा लोंबणे, गिळता न येणे, वाटेल त्या वस्तूचा चावा घेणे, किंवा याच्या उलट अंधाऱ्या कोपऱ्यात मुकाट पडून राहणे ही त्याची चिन्हे. दहाव्या दिवशी कुत्रा धडधाकट असला, तर त्या दंशातून रोग झालेला नाही असे समजावयास हरकत नसते, आणि लसीच्या उरलेल्या खेपांविषयी डॉक्टर निर्णय घेतात. पण लस सुरू करावयाची ती पहिल्याच दिवशी. दहा दिवस वाट पाहून नव्हे.

कुत्रा का चावतो

आता कुत्र्याकडे वळू. ‘आमचा कुत्रा एकाएकी चावला’ हे वाक्य पशुवैद्यास वारंवार ऐकावे लागते. एकाएकी चावणारे कुत्रे खरोखर फार थोडे असतात. चावण्यापूर्वी कुत्रा आपल्या भाषेत पुष्कळ काही बोललेला असतो. प्रथम तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. मग कान मागे पाडून अंग चोरतो, शेपूट पोटाखाली घेतो. डोळ्यांच्या कडेची पांढरी कोर दिसू लागते. त्यानेही समोरचा माणूस हटला नाही तर तो ताठरतो. अंग दगडासारखे होते, तोंड मिटते. ही ताठरण्याची घटिका पळभराची असते, पण तिच्याइतकी धोक्याची दुसरी खूण नाही. त्यानंतर गुरगुरणे, दात दाखविणे, हवेत चावा घेणे आणि सर्वांत शेवटी दंश. म्हणजे दंश ही कुत्र्याच्या बोलण्याची सुरुवात नसून शेवट आहे. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खुशीत आहे, अशी एक सर्वत्र समजूत आहे. वस्तुतः ताठ उभे धरून झपाझप हलविलेले शेपूट चिडलेल्या कुत्र्याचेही असते. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हणही टपालवाल्यांना विचारून बनविलेली दिसत नाही.

टपालवाल्याचेच उदाहरण घेण्यासारखे आहे. तो रोज ठरावीक वेळी फाटकाशी येतो, कुत्रा भुंकतो, आणि टपालवाला निघून जातो. टपालवाला जातो तो त्याचे काम संपले म्हणून; परंतु कुत्र्यास वाटते की, आपण भुंकलो म्हणून तो गेला. हा विजय त्यास रोज मिळतो, वर्षातून तीनशे वेळा मिळतो. भुंकण्याचे बळ वाढत जाते, आणि एखादे दिवशी फाटक उघडे राहिले म्हणजे तो धावून जातो. दूधवाला, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा आणि अलीकडे सामान पोचविणारी माणसे यांना होणाऱ्या दंशांपैकी कितीतरी या एका साध्या शिकवणुकीतून जन्मास येतात. त्यात कुत्र्याचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही.

कारणे मात्र अनेक आहेत. सर्वांत मोठे कारण भीती. त्याखालोखाल राखण. ही राखण अन्नाची असेल, हाडकाची असेल, झोपण्याच्या जागेची असेल, पिल्लांची असेल, किंवा एखाद्या माणसाचीही असेल. दख्खनच्या पठारावर धनगरांच्या वाड्यांतून मेंढ्या राखणारे कुत्रे पिढ्यान् पिढ्या याच गुणासाठी निवडले गेले. लांडग्याने गळा धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात काटेरी पट्टा असतो आणि परका माणूस वाड्याजवळ आला की ते अंगावर येतात. मोकळ्या माळावर या गुणाची किंमत मोठी आहे. त्याच रक्ताचे पिल्लू कौतुकाने चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांत आणले, म्हणजे त्याने राखावयाचे काय आणि कोणापासून, हे त्यास कोणीच सांगितलेले नसते. मग ते दरवाजा राखते, पलंग राखते आणि पाहुण्यांपासून घर राखते.

तिसरे कारण दुखणे, आणि याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. कान सडणे, दात किडणे, सांधे आखडणे, म्हातारपणी दृष्टी मंदावणे, गळ्यातील अवटू ग्रंथीचा रस कमी पडणे, यांपैकी कशानेही शांत कुत्रा चावरा होऊ शकतो. मुलांना चावलेल्या १११ कुत्र्यांची तपासणी करून अमेरिकेत २००७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे निम्म्या कुत्र्यांत काही ना काही आजार आढळला किंवा असावा अशी शंका आली. आणखी एक गोष्ट त्यात दिसून आली. या कुत्र्यांपैकी दोन तृतीयांश कुत्रे त्यापूर्वी कोणत्याही मुलास चावलेले नव्हते. ‘आजवर कधी चावला नाही’ या आश्वासनाची किंमत किती धरावयाची, हे यावरून कळेल. तेव्हा घरच्या कुत्र्याने माणसास चावा घेतला, तर त्यास शिकविणारा शोधण्यापूर्वी पशुवैद्यास दाखवावे.

चौथे कारण बालपणाचे. १९६१ साली अमेरिकेत केलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात पिल्लांना उंच कुंपणाच्या शेतात माणसांपासून दूर वाढविले आणि निरनिराळ्या वयांत काही दिवसांपुरते माणसाळविले. ज्या पिल्लांना चौदा आठवडे माणसाचा सहवास मिळाला नाही, ती पुढे रानटी जनावरासारखीच राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा कुत्र्याच्या मनाची दारे उघडी असण्याचा काळ होय. या काळात त्याने मुले, म्हातारी माणसे, काठी टेकीत येणारा, टोपी घातलेला, सायकलवरून जाणारा अशी नाना तऱ्हेची माणसे पाहिली, तर पुढे त्यांचे भय वाटत नाही. बाजारात विकले जाणारे पिल्लू पुष्कळदा आईपासून चौथ्या-पाचव्या आठवड्यातच तोडलेले असते. भावंडांशी खेळताना जोराने चावले की खेळ थांबतो, हा पहिला धडाच त्यास मिळालेला नसतो.

शिक्षा की शिक्षण

कुत्रा चावला की त्यास झोडपावयाचे, ही आपल्याकडील सर्वमान्य रीत. तिला शास्त्रीय वेष चढविण्याचे कामही मध्यंतरी झाले. रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून कळपातील सत्तेच्या चढाओढीचे वर्णन केले. त्यावरून असा सिद्धांत निघाला की, कुत्रा हा घरात राज्य बळकावू पाहणारा लांडगा आहे आणि मालकाने त्यास जमिनीवर पाडून, डोळ्यांस डोळा भिडवून आपली सत्ता सिद्ध केली पाहिजे. पुढे डेव्हिड मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा कित्येक उन्हाळे अभ्यास केला आणि १९९९ मध्ये दाखवून दिले की, रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची मुले एवढेच असते. तेथे राज्यासाठी लढाया होत नाहीत. ओळख नसलेल्या लांडग्यांना एका पिंजऱ्यात कोंडल्यामुळे जे दिसले, तेच त्यांचे स्वाभाविक जीवन असे समजले गेले होते. कोपर्निकसाच्या नावाच्या रस्त्यावर हे सांगताना मौज वाटते. कारण पाहणारा कोठे उभा आहे यावर काय दिसते हे अवलंबून असते, हा धडा त्यानेच १५४३ साली जगास घालून दिला होता.

मारण्याचे फळ काय मिळते हेही मोजून पाहिले गेले आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यांनी २००९ मध्ये १४० कुत्रेमालकांचे अनुभव प्रसिद्ध केले. कुत्र्यास मारले किंवा लाथ घातली असता ४३ टक्के मालकांस उलट हल्ल्याचा अनुभव आला. तोंडातील वस्तू बळाने काढून घेतली तेव्हा ३९ टक्क्यांस, आणि पाठीवर पाडून दाबून धरले तेव्हा ३१ टक्क्यांस तोच अनुभव आला. आणखी एक तोटा आकड्यांत न दिसणारा आहे. गुरगुरला म्हणून ज्या कुत्र्यास मार बसतो, तो चावणे विसरत नाही. गुरगुरणे तेवढे विसरतो. घरातील धोक्याची घंटा घरानेच फोडून टाकलेली असते, आणि मग लोक म्हणतात की कुत्रा एकाएकी चावला.

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. शेपटाविषयी ती खरी असेल, स्वभावाविषयी पूर्णपणे खरी नाही. पावलॉव्हच्या प्रयोगांपासून हे ठाऊक आहे की, दोन गोष्टी वारंवार एकापाठोपाठ आल्या म्हणजे पहिलीच्या दर्शनाने दुसरीची भावना जागी होते. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे पीटर नावाच्या, सशास भिणाऱ्या एका लहान मुलावर याचाच उपयोग केला. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा दूर ठेवावयाचा आणि रोज थोडा जवळ आणावयाचा. शेवटी पीटर सशास हाताने कुरवाळू लागला. चावऱ्या कुत्र्याच्या शिक्षणाची रीत नेमकी हीच आहे.

समजा, कुत्रा परक्या माणसास पाहून बिथरतो. त्यास साखळीत धरून परका माणूस इतक्या अंतरावर उभा करावा की, कुत्र्यास तो दिसेल, पण कुत्रा ताठरणार नाही. हे अंतर पहिल्या दिवशी पन्नास पावले असू शकेल. माणूस दिसताच उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीच्या मांसाचा तुकडा द्यावा. माणूस दिसेनासा होताच खाऊ बंद. काही दिवसांनी कुत्रा माणूस दिसला की मालकाच्या तोंडाकडे पाहू लागतो. मग अंतर दोन पावलांनी कमी करावे. एखादे दिवशी तो पुन्हा भुंकला, तर चूक कुत्र्याची नसते. अंतर घाईने कमी केलेले असते. हे काम आठवड्यांचे असते, पुष्कळदा महिन्यांचे असते, आणि घरातील एका माणसाने खाऊ द्यावयाचा व दुसऱ्याने काठी उगारावयाची असे चालले, तर ते कधीच पुरे होत नाही. अन्न राखणाऱ्या कुत्र्याची गोष्टही तीच. त्याचे ताट काढून घेऊन ‘सवय’ लावू पाहणारे मालक त्याची भीती खरी करून दाखवितात. त्याऐवजी जाता-येता त्याच्या ताटात दुरूनच काही अधिक चांगले टाकीत जावे, म्हणजे माणसाचे पाऊल वाजले की काही जाणार नसून येणार आहे, असे त्यास वाटू लागते. निर्बीजीकरणाने नरांचे भटकणे व आपसांतील भांडणे कमी होतात. भीतीने चावणाऱ्या कुत्र्यावर मात्र त्याचा गुण येतोच असे नाही.

हे शिक्षण चालू असता पुन्हा दंश होऊ न देणे हे स्वतंत्र काम आहे. पाहुणे येण्यापूर्वी कुत्रा दुसऱ्या खोलीत असावा. आल्यानंतर त्यास ओढीत नेण्यात अर्थ नाही. फाटकास आतून कडी असावी. सहा वर्षांखालील मूल आणि कुत्रा यांना क्षणभरही एकटे ठेवू नये, कुत्रा कितीही गुणी असो. बाहेर नेताना तोंडास मुसके बांधावे. मुसके जाळीचे, ऐसपैस, जीभ बाहेर काढता येईल असे हवे. कुत्रा माणसासारखा अंगभर घामेजत नाही, तो धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर घालवितो. दिल्लीच्या किंवा नागपूरच्या मे महिन्यात कापडी पट्ट्याने तोंड आवळलेला कुत्रा थोड्या वेळात उष्माघाताने कोसळू शकतो. मुसके आधी आठवडाभर नुसते खाऊच्या वाटीसारखे पुढे करावे आणि कुत्र्याने आपणहून त्यात तोंड घातल्यावरच पट्टा लावावा. दिवसभर साखळीने बांधून ठेवणे हा उपाय नव्हे, ते चावरेपणाचे खतपाणी आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरू न देणे हाही गुन्हा ठरविला आहे.

कायद्याचा उल्लेख आला म्हणून एवढे सांगणे योग्य होईल की, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवास धोका पोचू नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. पूर्वीच्या दंडसंहितेत दंडाची मर्यादा एक हजाराची होती. १९५७ च्या दिल्ली महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३९९ मध्ये कुत्र्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. कोपर्निकस मार्गाचा भाग मात्र महानगरपालिकेकडे नसून नवी दिल्ली नगरपरिषदेकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांविषयी जे आदेश दिले, ज्यांची देशभर चर्चा झाली, ते रस्त्यावरील मोकाट कुत्र्यांविषयी होते. घरच्या कुत्र्याची जबाबदारी घराचीच राहते. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांनीही पाळीव कुत्र्याचे लसीकरण व निर्बीजीकरण मालकावर सोपविले आहे.

शेवटी तो प्रश्न उरतो, जो कुटुंबात कोणीच मोठ्याने विचारीत नाही. सर्व उपाय करूनही कुत्रा चावतच राहिला तर काय? इयन डनबार या पशुवैद्याने दंशाच्या सहा पायऱ्या ठरविल्या आहेत, आणि निर्णयास त्या उपयोगी पडतात. पहिल्या दोन पायऱ्यांत दात कातडीस लागत नाहीत किंवा लागले तरी रुतत नाहीत. तिसऱ्या पायरीत एका चाव्यात उथळ भोके पडतात. चौथ्या पायरीत सुळा अर्ध्याहून अधिक आत जातो. पाचवीत असे दंश एकामागून एक होतात आणि सहावीत मृत्यू येतो. पहिल्या दोन पायऱ्यांवरील कुत्रे बहुतेक सुधारतात, तिसऱ्या पायरीवरील कुत्रे चिकाटीच्या माणसाकडे सुधारू शकतात. चौथ्या पायरीपासून पुढे, चावताना आवर घालण्याची शक्तीच त्या कुत्र्यात नाही असे समजावे लागते, आणि घरात मूल असेल तर आशेवर दिवस काढण्यासारखे नसते.

अशा वेळी मराठी घरात बहुधा एक तोडगा निघतो: ‘गावाकडे शेतावर पाठवून देऊ, तेथे मोकळा राहील.’ शेतावर सालदार राहतो, त्याची मुले राहतात, आणि त्यांना या कुत्र्याचा इतिहास कोणी सांगितलेला नसतो. शहरातील मुलाऐवजी खेड्यातील मूल चावले जाते, आणि तेथून दवाखाना दूर असतो. रस्त्यावर सोडून देणे त्याहूनही वाईट. उपासमारीच्या स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या त्याच कायद्याने गुन्हा आहे. कुत्रा दुसऱ्यास द्यावयाचाच असेल, तर तो कुत्र्यांची जाण असलेल्या, मुले नसलेल्या घरी द्यावा आणि प्रत्येक दंशाची तारीख, प्रसंग व जखमेचे स्वरूप कागदावर लिहून तो कागद कुत्र्याबरोबर द्यावा. हे वाचून घेणारा माघारी फिरला, तर फिरू द्यावा.

कोणी घेणारा नसेल आणि पशुवैद्याचेही मत तसेच पडले, तर सुखाने मरण देणे एवढाच मार्ग उरतो. तो निर्णय दंशाच्या दुसऱ्या दिवशी, संतापाच्या वा लाजेच्या भरात घेऊ नये. दहा दिवसांची देखरेख तर पुरी व्हावीच लागते. ते काम विष घालून किंवा काठीने करावयाचे नसते. पशुवैद्य प्रथम गुंगीचे औषध देतो, आणि कुत्रा झोपी गेल्यावर शिरेतून भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा टोचतो. काही क्षणांत श्वास थांबतो. बाहेरच्या माणसाने धरले असता असा कुत्रा भीतीने झुंजतो. यास्तव ज्याच्या हातचे तो रोज खात आला, त्या घरच्या माणसाने त्या वेळी त्याच्याजवळ बसावे, मुसके बांधलेलेच असू द्यावे, मानेवर हात ठेवावा आणि नेहमीच्या आवाजात त्याच्याशी बोलत राहावे.